उजेडाचा मार

नंजुंडस्वामींच्या प्रयोगशाळेत नवं कुणी आलं की पहिल्या दिवशी ते त्याला मायक्रोस्कोपच्या काळ्या पडद्यामागे नेत आणि एकच गोष्ट सांगत. "पेशीला उजेड म्हणजे मार. तुम्हाला बघायची हौस, आणि मार तिने खायचा. तेव्हा लागेल तेवढाच उजेड द्या, आणि दोन फोटोंच्या मध्ये तिला अंधारात गप पडू द्या." यशवंतपूरच्या पुढच्या त्या संस्थेत हे बोलणं इतकं जुनं झालं होतं की मुलं कँटीनमध्ये त्याची नक्कल करत. कुणी कॉफीच्या पेल्याकडे बघत बसला की दुसरा म्हणायचा, "पुरे झालं, किती मारशील तिला."

काम तसं सांगायला सोपं. माणसाच्या कातडीच्या पेशी काचेच्या डिशमध्ये वाढवायच्या. त्या एकमेकींना चिकटून चादरीसारख्या पसरल्या की बारीक टोकाने मधोमध एक ओरखडा ओढायचा. ती जखम. मग डिश अंगाइतक्या उबेच्या पेटीत ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळाने फोटो घेत राहायचं. दुसऱ्या दिवशी ते फोटो एकापाठोपाठ एक पळवले की फिल्म होते. दोन्ही काठांवरच्या पेशी पाय टाकत मध्ये येतात, एकमेकींना भिडतात आणि थांबतात. ओरखडा भरलेला असतो. आपलं बोट कापल्यावर आत जे होतं ते हेच. नंजुंडस्वामींची सगळी हयात हे बघण्यात गेली होती.

पेशी ज्या कुप्यांत गोठवून ठेवत, त्यांच्यावर कुणाचं नाव नसे. नियमच होता. कातडी देणाऱ्याचं नाव समितीच्या कपाटात, प्रयोगशाळेत फक्त खूण. पण "सी-सात" म्हणजे कोण हे नंजुंडस्वामींना ठाऊक होतं, कारण तिला स्कूटरवरून तेच घेऊन आले होते. सी-सात म्हणजे त्यांची बायको, वनजाक्षी.

तेव्हा कातडी द्यायला कुणी तयार होत नव्हतं. संस्थेतले लोकसुद्धा ऐनवेळी तोंड चुकवत. एका दुपारी नंजुंडस्वामी जेवताना ही रड सांगत होते, आणि वनजाक्षी परातीत रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, वळत होती.

"केवढी लागते कातडी?" तिने विचारलं.

"पावट्याच्या दाण्याएवढी. दंडाच्या आतल्या बाजूची."

"मग घ्या की माझी. एवढी तर विळीवर महिन्याला जाते."

ती आली, दंड पुढे केला, एक टाका घालून घेतला आणि डॉक्टरलाच विचारलं, तुम्ही कॉफी घेतलीत का म्हणून. घरी गेल्यावर तिने मळवळ्ळीजवळच्या गावी भावाला फोन लावला. "अण्णा, माझी कातडी सरकारी नोकरीला लागली. पगार नाही, पण पेन्शनचं बघू म्हणतायत."

तिच्या पेशी चालायला पक्क्या निघाल्या. बाकीच्यांच्या पेशी ओरखडा मारल्यावर बराच वेळ काठावर घुटमळत, हिच्या लगेच निघत. संध्याकाळी नंजुंडस्वामी घरी आले की ती विचारायची, "आज कुठवर पोचल्या माझ्या?"

"मध्यावर."

"अहो, मग दाखवा की एकदा."

"दाखवतो. जरा चांगली फिल्म होऊ दे."

चांगली फिल्म काही होईना. पहिल्या फिल्ममध्ये मधेच फोकस सरकला आणि बराच भाग नुसतं राखाडी धुकं. दुसरीत बुडबुडा आला. तिसऱ्या वेळी वीज गेली, पेटी गार पडली. आकड्यांपुरत्या त्या फिल्म चालत, सगळी मापं त्यांच्यातूनच निघाली, पण नंजुंडस्वामींचा स्वभाव असा की पाहुण्याला दाखवायची ती गोष्ट स्वच्छ हवी. मंत्री आले, परदेशी प्रोफेसर आले, त्यांना त्यांनी स्वच्छ फिल्म दाखवल्या, दुसऱ्या कुणाच्या पेशींच्या. घरच्या माणसाला खराब काय दाखवायचं, असं त्यांना वाटे.

"मी काय परीक्षा घेणार आहे का?" वनजाक्षी म्हणायची. "आपल्या लग्नाचे फोटोसुद्धा सगळे हललेलेच आहेत. त्यात तुमच्या डोक्यावरचा फेटा कुठे आणि तुम्ही कुठे. तरी बघतोच की आपण."

ते हसत आणि दाखवतो म्हणत. एकदा संस्थेत लोकांसाठी दरवाजे उघडे ठेवण्याचा दिवस होता. ती नवी साडी नेसून आली. नंजुंडस्वामी त्या दिवशी पाहुण्यांच्या घोळक्यात होते. ती शाळेच्या पोरांबरोबर रांगेत उभी राहिली, कुणीतरी तिला अंड्यातल्या माशाचं हृदय उडताना दाखवलं, आणि ती घरी गेली. रात्री म्हणाली, "मासा बघून आले. छान होता. माझं कुठे दिसलं नाही."

पुढे त्या पेशींवरचं काम संपलं आणि नंजुंडस्वामींच्या मागे दुसरी कामं लागली. आणि मग पावसाळ्याच्या शेवटी तिला डेंग्यू झाला. रविवारी ताप आला तेव्हा ती म्हणाली, डोलोची गोळी घेते, उद्या उतरेल. आठवडा संपायच्या आत नंजुंडस्वामी आणि तिचा भाऊ शिवण्णा तिच्या अस्थी घेऊन श्रीरंगपट्टणला कावेरीच्या पाण्यात गुडघाभर उभे होते.

हे सगळं घडून वर्ष होत आलं होतं, तेव्हा चैत्रा त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चैत्रा त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी, शेवटच्या वर्षाची. हासनकडची, बोलायला सरळ.

"सर, परीक्षकांनी एक प्रयोग पुन्हा करायला सांगितलाय. सी-सातवर."

"दुसरं कुणाचं नाही चालणार?"

"तुलना तुटते सर. आधीचं सगळं सी-सातचंच आहे. टाकीत एक कुपी शिल्लक आहे, मी बघून आले. शेवटची."

"बघू," नंजुंडस्वामी म्हणाले.

अशी कुपी वितळवली की पेशी पुन्हा जाग्या होतात, वाढतात, पण कायमच्या नाही. सी-सातच्या पेशी आधीच बऱ्याच वेळा वाढवून झाल्या होत्या. आता वितळवल्या तर एका डिशपुरत्या होतील, एकदा चालतील, आणि मग म्हाताऱ्या होऊन थांबतील. नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्या तर मात्र कितीही वर्षं तशाच राहतील. नंजुंडस्वामी रोज जाता-येता त्या टाकीवरून जात. वर्षभर त्यांनी तिचं झाकण उघडलं नव्हतं. पण आत काहीतरी आहे एवढं माहीत असलं की पुरे होतं.

चैत्राने आठ दिवसांनी पुन्हा विचारलं, ते पुन्हा बघू म्हणाले. तिला कळेना की एका कुपीसाठी सर एवढे का अडून बसलेत. ती बाहेर जाऊन मैत्रिणीला म्हणाली, "सरांच्या बघूवर माझं लग्नसुद्धा पुढे ढकललं जाणार."

त्याच आठवड्यात शिवण्णाचा फोन आला.

"भावजी, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा."

"वनजाची ती कातडी. ती अजून आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"जिवंत?"

"गोठवलेली आहे."

"म्हणजे मेलेली."

"नाही. वितळवली की चालायला लागते."

शिवण्णाच्या मागे उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मग आपण श्रीरंगपट्टणला काय सोडून आलो, भावजी?"

नंजुंडस्वामींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुरोहिताला विचारलं असतं, पण तो दक्षिणा वाढवेल. म्हणून तुम्हालाच विचारतो. वर्षश्राद्ध आलंय. त्याच्या आत ते मोकळं करा. नाहीतर तिचा एक पाय इकडे आणि एक तिकडे. ती अशी थांबणारी नव्हे, तुम्हाला माहीत आहे. आणि करण्याआधी मला एकदा बघू द्या. माझी बहीण आहे ती."

दुसऱ्या दिवशी नंजुंडस्वामींनी चैत्राला बोलावलं आणि कुपी काढ म्हणून सांगितलं. वर म्हणाले, "फिल्म मी घेणार."

"तुम्ही, सर?"

"का? माझा हात अजून गेलेला नाही."

चैत्रा हसली. सरांनी कित्येक वर्षांत मायक्रोस्कोपला हात लावला नव्हता. पण कुपी मिळाली हेच तिला खूप होतं. तिने ती कोमट पाण्यात धरली, बर्फाचा शेवटचा खडा उरला तसा बाहेर काढला, आणि पेशी डिशमध्ये सोडल्या. नंजुंडस्वामी तिच्या खांद्यामागे उभे होते. पुढचे काही दिवस ते सकाळी आल्या आल्या आधी डिश बघत, मग चपला बदलत. पेशी काचेला चिकटल्या, वाढल्या, चादर झाली.

त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. ही फिल्म स्वच्छ होणार होती. धुकं नाही, उडी नाही, बुडबुडा नाही. बघायला ती नव्हती हे त्यांना कळत होतं. तरीही दाखवतो म्हटलं होतं, ते निदान तयार तरी असावं. शिवण्णा बघेल. त्याने बघितलं की झालं, असं काहीतरी त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

ओरखडा त्यांनी स्वतः ओढला. सरळ आला. मग पेशी चमकाव्यात म्हणून त्यांनी रंग घातला. हा रंग निळसर उजेडात चमकतो, आणि तो उजेड पेशींना सगळ्यात जास्त लागतो. चैत्राच्या बेतात रंग अगदी शेवटी होता, आधी सगळा साधा मंद उजेड आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो. नंजुंडस्वामींनी मिनिटाला एक लावला. फोकस सरकू नये म्हणून वर-खाली पाच थरांत. दिवाही चढवला.

चैत्राने पडद्याच्या फटीतून आकडे बघितले.

"सर, हा उजेड जास्त होत नाही का? तुम्हीच म्हणता की..."

"मी काय म्हणतो ते मला माहीत आहे."

ती आपल्या टेबलाशी परत गेली. ज्याने आपल्याला शिकवलं त्याला काय शिकवायचं.

सकाळ उलटली तेव्हा पेशी निघाल्या. नंजुंडस्वामी पडद्यामागे स्टुलावर बसले होते. डाव्या काठावरची एक पेशी बाकीच्यांच्या पुढे आली. अशी एखादी असतेच, तिला ते म्होरकी म्हणत. ती आपला पाय पातळ करून पुढे पसरते, धरते, मग अंग ओढते, आणि मागच्या सगळ्या तिच्या पदराला धरल्यासारख्या येतात. ही फारच घाईत होती. त्यांना ती घाई ओळखीची वाटली. बाजारात पिशवी घेऊन पुढे निघालेली, मागे वळून "येताय ना" म्हणणारी.

मिनिटाने एक फोटो येत होता, आणि ते मिनिट त्यांच्याच्याने निघेना. त्यांनी लाइव्ह चालू केलं. म्हणजे दिवा बंदच होत नाही, पेशी सारखी दिसत राहते. थोडंसंच बघू, मग बंद करू, असं ते स्वतःशी म्हणाले. मग बंद केलं. मग पुन्हा चालू केलं. कुणी नवख्या मुलाने असं केलं असतं तर त्यांनी त्याचा हात धरून त्याला पडद्याबाहेर आणलं असतं. जेवायला बोलावायला माणूस आला, त्याला त्यांनी आतूनच परत पाठवलं. वर्षभर घरात ते तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं टाळत आले होते. आज मात्र नजर काढवत नव्हती.

चहाच्या वेळेला म्होरकीचा पाय थबकला. आधी त्यांना वाटलं, दम खातेय. मग पाय आत ओढला गेला. तिच्या कडेला बारीक फोड आले, आणि ती आकसून गोल झाली, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. तिच्या मागची पण. त्यांनी दिवा बंद केला. पेटी तशीच उबदार ठेवली, वरचं पाणी बदललं, आणि ते बाहेर येऊन बसले. उपयोग नव्हता हे त्यांना कळलं होतं. हजार वेळा त्यांनी हे दुसऱ्यांच्या डिशमध्ये बघितलं होतं, आणि हजार वेळा म्हटलं होतं, मार दिलास ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरखडा होता तसाच होता. अर्धा भरलेला, आणि दोन्ही काठांवर गोल दाणे.

चैत्रा आली. तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली.

"मशीनचं काही झालं का, सर?"

"मशीन ठीक आहे. मी मारल्या."

तिने पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "हे मी केलं असतं तर तुम्ही मला पुन्हा पडद्यामागे घेतलं नसतं."

"नसतं घेतलं."

"माझं सगळं त्या एका कुपीवर होतं, सर. तुम्हाला माहीत होतं."

"परीक्षकांना मी लिहितो. चूक माझी म्हणून लिहितो."

"लिहा. त्याने पेशी येणार नाहीत." तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. जरा वेळाने तिने विचारलं, "सी-सात कोण होतं, सर?"

"नियम आहे ना, चैत्रा."

"हो, सर." तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "डिश ब्लीचमध्ये टाकू का मी?"

"नको. मी टाकतो."

त्यांनी डिश मोरीपाशी नेली, ब्लीच ओतलं, ठरलेला वेळ थांबले आणि नळ सोडला. पाणी वाहत राहिलं. श्रीरंगपट्टणला निदान शिवण्णा शेजारी होता.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी शिवण्णा आला. सॅटेलाइट बसस्टँडवरून दोन बस बदलून, हातात गुळाची ढेप आणि मद्दूरचे वडे. आल्या आल्या त्याने पाय धुतले, बहिणीच्या फोटोसमोर गुळाचा खडा ठेवला आणि टेबलाशी येऊन बसला.

"झालं का मोकळं?"

"झालं."

"मला न दाखवताच?"

"दाखवणार होतो. त्यातच बिघडलं. माझ्या हातून गेल्या."

"कशाने?"

"उजेडाने. मी फार बघितलं."

शिवण्णाला ते कळलं की नाही कोण जाणे. त्याने वडा मोडला आणि अर्धा पुढे केला. "वनजा म्हणाली होती मला. त्यांना माझे फोटो दाखवायची लाज वाटते म्हणून. म्हणायची, अण्णा, माझ्या पेशी माझ्यासारख्याच सावळ्या निघाल्या असतील, साहेबांना गोऱ्या हव्यात."

नंजुंडस्वामींच्या हातातला वडा हातातच राहिला. हे ती त्यांना कधी म्हणाली नव्हती.

"एक जुनी आहे," ते म्हणाले. "पहिली. खराब आहे."

"आणा."

त्यांनी लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. शिवण्णाने धोतराच्या सोग्याने हात पुसले आणि चष्मा लावला. फिल्म सुरू झाली. करडा पडदा, मधे ओरखडा, आणि डाव्या काठावरून एक जण पुढे निघाली.

"ही पुढे कोण?"

"म्होरकी. एक असते अशी. बाकीच्यांना ओढत नेते."

"कालव्याच्या बांधावरून शाळेत जाताना ही अशीच. आम्ही मागे बोंबलत, वनजा थांब, वनजा थांब. थांबली तर शपथ."

मग फोकस सरकला आणि सगळं धुकं झालं. शिवण्णाने चष्मा काढून पुसला.

"चष्मा नाही," नंजुंडस्वामी म्हणाले. "फिल्मच तशी आहे. यासाठीच दाखवली नव्हती."

"मग आता चालतायत की थांबल्या?"

"चालतायत. फक्त दिसत नाहीत."

दोघे धुक्याकडे बघत बसले. मग फोकस परत आला, आणि ओरखडा कुठेच नव्हता. सगळ्या एकमेकींना लागून गप होत्या. फिल्म संपली.

"एवढीच?" शिवण्णाने विचारलं.

"एवढीच."

"मुद्द्याचे दोन घास गिळेपर्यंत संपली की, भावजी. एवढ्यासाठी तिला..." तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "परत लावा."

नंजुंडस्वामींनी ती परत पहिल्यापासून लावली.